त्रेचाळीस फॉर्म आणि एक नमुना

आपल्याकडे नमुन्याशिवाय कुणी फॉर्म भरत नाही. तहसीलबाहेर काचेत नमुना लावलेला असतो, बँकेत दोरीला बांधलेल्या पेनाशेजारी नमुना असतो, आणि एवढं असूनही माणूस शेजारच्याला विचारतोच, "इथं काय लिहिलं हो तुम्ही?" लातूरच्या एका कॉलेजात मी पंचवीस वर्षं वनस्पतीशास्त्र शिकवते आहे. एवढ्या काळात परीक्षेचे, शिष्यवृत्तीचे, एस.टी.च्या पासचे किती नमुने भरून दिले असतील, त्याला गणती नाही. म्हणून त्या दिवशी आणखी एक भरला, त्यात माझं काय चुकलं हे मला बरेच दिवस कळलं नाही. आजही नीट कळलंय असं म्हणवत नाही.

आमचं कॉलेज लातूरला आणि विद्यापीठ नांदेडला. तिथून एक परिपत्रक आलं. अलीकडच्या काही दुर्दैवी घटना पाहता प्रत्येक महाविद्यालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्याची पाहणी करावी, एक समन्वयक नेमावा आणि भरलेल्या प्रश्नावल्या आठ दिवसांत पाठवाव्यात. दुर्दैवी घटना म्हणजे काय, हे लातुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. प्राचार्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमचा वर्कलोड जरा कमी आहे ना?"

वर्कलोड कमी होता हे खरं. या शहरात रस्त्यारस्त्यावर पोरं जीवशास्त्र घोकतात, पण ती डॉक्टर व्हायला. एकदा, दोनदा रिपीट करूनही ज्यांचा नंबर लागत नाही, त्यातली काही आमच्याकडे बी.एस्सी.ला येतात आणि पहिलं वर्ष नुसती खिडकीबाहेर बघत काढतात. मी त्यांना फुलाचे भाग शिकवते. ते त्यांना माझ्यापेक्षा चांगले पाठ असतात. तर अशा पोरांच्या मनाची समन्वयक म्हणून माझी नेमणूक झाली, कारण माझे तास कमी होते.

प्रश्नावलीत सोळा प्रश्न होते. झोप नीट लागते का? पूर्वी आवडायच्या त्या गोष्टी अजून आवडतात का? आपलं म्हणणं ऐकणारं कुणी आहे असं वाटतं का? आपण नसलो तरी चालेल असं वाटतं का? प्रत्येकापुढं चार गोल: नेहमी, बऱ्याचदा, कधीकधी, कधीच नाही. वर ठळक सूचना होती, की नाव आणि हजेरी क्रमांक लिहू नये आणि भरताना शिक्षकांनी वर्गात थांबू नये.

दुसऱ्या वर्षाच्या वर्गात त्रेचाळीस जण होते. फॉर्म वाटून होतात न होतात तोच पहिल्या बाकावरची मुलगी, वर्गातली सगळ्यात हुशार, म्हणाली, "म्याडम, नमुना?"

"याला कसला नमुना? ज्याचं त्यानं भरायचं."

"गोल कसा भरायचा तेवढं तरी दावा. उगं रिजेक्ट व्हायचा."

तिचंही बरोबर होतं. मी टेबलाशी बसून एक फॉर्म भरला, गोल पूर्ण काळा, रेषेबाहेर न जाता. दोन मिनिटं लागली असतील. वर्गप्रतिनिधीनं त्याचा फोटो काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकला आणि सूचनेप्रमाणे मी चहाला निघून गेले. वीस मिनिटांनी आले तर फॉर्मचा गठ्ठा टेबलावर कडा जुळवून ठेवलेला. काय शिस्त आहे पोरांना, असं वाटून मला बरंच वाटलं. झेरॉक्स काढून एक संच माझ्याकडे ठेवला आणि मूळ गठ्ठा नांदेडला पाठवून दिला.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. प्राचार्यांनी केबिनचं दार लावून घेतलं आणि हळू आवाजात ते वाचून दाखवलं. आमचा वर्ग 'अतिजोखीम' गटात होता. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. असा निकाल आजवर कुठल्याही महाविद्यालयाचा आला नव्हता म्हणे.

मी कपाटातून झेरॉक्स काढून आणल्या. वरचे दहा-बारा पाहिले. सोळाच्या सोळा उत्तरं सारखी होती, गोलालाही फरक नाही. मग पुढचे बघायची गरज वाटली नाही.

"कॉपी," प्राचार्य म्हणाले आणि खुर्चीत मागं टेकले. "कॉपी केली कार्ट्यांनी." आमच्या कॉलेजात कॉपी झाली म्हणून प्राचार्यांना आनंद झालेला मी पहिल्यांदा पाहिला.

मला मात्र आनंद होईना. कॉपी म्हटली की कुणाची तरी करावी लागते. बेचाळीस जणांनी बघून लिहिलं असेल, तर एकानं किंवा एकीनं ते आधी स्वतःहून लिहिलेलं होतं. झोप कधीकधीच लागते, जुनं काही आवडत नाही, आपण नसलो तरी चालेल असं अधूनमधून वाटतं, असं कुणीतरी खरं खरं लिहिलं आणि बाकीच्यांनी त्यावर गर्दी केली. ते लेकरू कोण, हे मला शोधायचं होतं आणि मला भीती वाटत होती. परिपत्रकातली ती दुर्दैवी घटना आपल्याच वर्गात झाली तर, हा विचार भाजी निवडताना, फळ्यावर लिहिताना मध्येच यायचा आणि मी लिहिता लिहिता थांबायची.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी दार लावलं आणि मागच्या बाकापासून सुरुवात केली. कुणाला रागावणार नाही, असं आधीच सांगून टाकलं. ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

शेवटच्या बाकावर एकटीच बसणारी मुलगी होती. रेणापूरच्या पुढच्या एका खेड्यातून रोज एस.टी.नं ये-जा करायची. गाडी गाठायला लवकर निघता यावं म्हणून दाराजवळचा तो बाक तिनं धरलेला. तिला विचारलं, "तू कुणाचं बघून लिहिलंस?"

"म्या कुणाचंच न्हाई बघितलं."

"अस्सं. सगळ्यांचं सारखं आणि तुझं तेवढं आकाशातून पडलं?"

वर्ग हसला. मीही हसले. माझी जीभ अशीच आहे, घरीदारी सगळ्यांना माहीत आहे. ती खाली बसली आणि मी पुढच्या बाकाकडं वळले.

पुढं काम सोपं होतं. यानं त्याचं बघितलं, त्यानं पुढचीचं बघितलं. बाक पुढं सरकत गेले आणि मी पहिल्या बाकापाशी येऊन उभी राहिले. ती हुशार मुलगी. डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा दोनदा देऊन थोडक्यात हुकलेली. हीच असणार, असं मनाशी म्हणून मी आवाज मऊ केला. "बाळ, तू मनानं लिहिलंस ना?"

तिनं गोंधळून माझ्याकडं पाहिलं. "न्हाई म्याडम. तुमचंच तर हाय."

"माझं?"

तिनं मोबाईल काढून पुढं केला. ग्रुपवरचा फोटो. टेबलाची कड, माझ्या बांगडीची सावली आणि सोळा काळे गोल. "तुम्ही नमुना दिला, मंग तेच बरोबर असंल म्हणलं."

तुमच्या हे केव्हाच लक्षात आलं असेल. माझ्या नव्हतं आलं, खरंच नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो मी बाकाबाकानं घालून आले होते.

स्टाफरूममध्ये येऊन मी तो फोटो मोठा करून पाहिला. आधी हसू आलं. मग एकेक प्रश्न वाचला आणि हसू गेलं. पूर्वीच्या गोष्टी अजून आवडतात का, तर कधीच नाही. आपण नसलो तरी चालेल का, तर कधीकधी. कुणाची मदत घ्यावी असं वाटतं का, कधीच नाही. मी हे लिहिलं? मी तर गोल कसा भरायचा ते दाखवत होते. हात जाईल तसे भरले. पण हात तिथंच का गेला?

मला काय झालं होतं? काही नाही. नवरा धर्माबादला शाळेत मुख्याध्यापक आहे, शनिवारी मी जाते, सोमवारी पहाटे परत येते. मुलगी बंगळूरला नोकरीत सुखात आहे. दवाखाना नाही की भांडण नाही. एरवी मी लातूरच्या दोन खोल्यांत एकटी असते, डबा खाते, वर्तमानपत्र घडी न मोडता तसंच ठेवते. पूर्वी रविवारी पिशवी घेऊन गवतं गोळा करत हिंडायची, ते कधी बंद झालं हेही आठवत नव्हतं. माणूस असंच जगतं, असं मी धरून चालले होते. त्यात भरायला गोल असतील असं मला वाटलंच नव्हतं.

त्या शुक्रवारी मी खुलासा द्यायला नांदेडला गेले. विद्यापीठाचा तो कक्ष दुसऱ्या मजल्यावर, अर्ध्या खोलीत. उरलेल्या अर्ध्या खोलीत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे छतापर्यंत. समुपदेशक म्हणून एक तरुण मुलगी होती, तासिका तत्त्वावर, आठवड्यातून दोन दिवस. एवढ्या सगळ्या कॉलेजांना ती एकटी. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, दुसरं काय.

मी तिला सगळं सांगितलं. तिला हसू आलं, पण तिनं आवरलं. फोटो बघून म्हणाली, "नमुना कुणी भरला होता?"

"मीच. असाच भरला."

"असाच भरणारं माणूस बहुतेक एका ओळीत गोल भरत जातं, मॅडम. तुमचे वरखाली आहेत." मग तिनं विचारलं, "तुमचं कसं चाललंय?"

मला तिचा राग आला. माझ्या मुलीच्या वयाची, आणि मला विचारते. "माझं काय चालायचंय? मी पोरांच्या कामासाठी आले," असं म्हणून मी फोटो बंद केला.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचे बाबू उठून आले. वय झालेला, निवांत माणूस. "म्याडम, एवढं काय मनाला लावून घेता? विद्यापीठ एवढं करून राहिलं, तुम्ही फक्त परत भरून द्या. ह्यावेळी नमुना मीच देतो." आणि त्यांनी छापलेला फॉर्म माझ्या हाती दिला. प्रत्येक प्रश्नाला जे उत्तर चांगलं दिसेल तेच, सोळाच्या सोळा.

"अहो, मग विचारायचं कशाला?" समुपदेशक मुलगी म्हणाली.

"नोंद पाहिजे ना, म्याडम. अतिजोखमीच्या यादीत लाल रंगात किती दिवस ठेवता कॉलेजला?"

दोघांचंही बोलणं मला पटत होतं आणि दोघांचाही राग येत होता. मी तो नमुना पर्समध्ये ठेवला. निघताना त्या मुलीनं कागदाच्या तुकड्यावर स्वतःचा नंबर लिहून दिला. तोही त्याच कप्प्यात गेला.

सोमवारी बाबूंचा नमुना ग्रुपवर पडला आणि वर्गानं फॉर्म पुन्हा भरले. मी पुन्हा चहाला गेले. काय करायला हवं होतं, ते कुणी सांगितलं असतं तर मी केलं असतं. नमुना देणार नाही म्हणावं, तर पोरं गठ्ठा कोरा ठेवतील. स्वतःहून भरा म्हणावं, तर माझाच कुठं स्वतःहून भरला होता, की भरला होता? चहा निवून गेला.

या खेपेला मी एकूण एक फॉर्म तपासला. बेचाळीस सुखी होते, एकाच मापात. एक नव्हता.

त्या एकावर जुनीच उत्तरं होती, म्हणजे माझी. कुणीतरी आळशीपणानं मोबाईलमधला जुना फोटो उघडला असेल, असं आधी वाटलं. पण शेजारी माझा नमुना धरला तर दोन गोल वेगळे निघाले. आपलं म्हणणं ऐकणारं कुणी आहे का, याला माझं उत्तर होतं कधीकधी. इथं कधीच नाही. कुणाची मदत घ्यावी असं वाटतं का, याला माझं होतं कधीच नाही. इथं होतं नेहमी. तो गोल इतका दाबून भरला होता, की कागद मागून वर आला होता.

मी जुन्या झेरॉक्स काढल्या. पहिल्या दिवशी दहा-बारा बघून ठेवून दिलेला तो गठ्ठा. अगदी तळाशी, शेवटून पहिला, तोच फॉर्म सापडला. तेच दोन गोल वेगळे. म्हणजे त्या पहिल्या दिवशीही एकानं बघून लिहिलंच नव्हतं. बेचाळीस जणांनी माझं उतरवलं होतं आणि एकाचं स्वतःचंच जवळजवळ माझ्यासारखं होतं.

म्या कुणाचंच न्हाई बघितलं.

मी ग्रुप उघडून नावं मोजली. माझं सोडून बेचाळीस. रेणापूरकडून येणारी ती मुलगी ग्रुपवर नव्हतीच. तिच्याकडं साधा, बटणांचा फोन होता. फोटो तिनं पाहिलाच नव्हता, आणि बाकावर शेजारी कुणी नव्हतं. सगळ्या वर्गात खरं लिहिणारी ती एकटी, आणि तिलाच मी सगळ्यांसमोर खोटं पाडून हसले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसं केलं. मला स्वतःची इतकी लाज क्वचितच वाटली असेल.

दुसऱ्या दिवशी जर्नलवर सही करायच्या निमित्तानं तिला प्रयोगशाळेत थांबवलं. दार उघडंच ठेवलं. ती टेबलापलीकडं उभी राहिली.

"त्या दिवशी मी तुला खोटं ठरवलं. चूक माझी होती."

"हाव," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात.

"बस. काय होतंय तुला?"

ती बसली नाही. बराच वेळ जर्नलची कड नखानं सरळ करत राहिली. "काहीच होत न्हाई, म्याडम. तेच तर हाय."

पंचवीस वर्षं मुलांना प्रश्न विचारण्यात गेली, पण त्यांची उत्तरं मला आधीच माहीत असायची. मी तिला नांदेडच्या त्या मुलीबद्दल सांगितलं. चांगली आहे, ऐकून घेते, जाऊन ये म्हटलं. हे सांगताना माझंच मला ऐकू येत होतं, एखाद्याला रक्त तपासून ये म्हणावं तसं.

तिनं मान वर केली. "ते पयलं तुमचं होतं म्हणं. नमुना. पोरींनी मला मोबाईलमधी दावलं. ते खरं होतं का?"

"नमुना होता तो," मी म्हणाले.

"मंग माझं बी नमुनाच समजा."

तिनं जर्नल उचललं आणि ती दाराकडं निघाली. मला माहीत होतं, ही आता गेली तर पुन्हा कधी काही लिहिणार नाही, आणि पुढच्या खेपेला त्रेचाळीस फॉर्म सुखी निघतील.

"थांब," मी म्हणाले. "खरं होतं. भरताना मला कळलं नाही, पण खरं होतं. झोपेचं, आवडीचं, सगळं."

ती दारात थांबली. माझ्याकडं बघत राहिली, जणू आता तिला माझी काळजी वाटू लागली होती. "मंग तुम्ही बी चला," म्हणाली.

शुक्रवारी आम्ही दोघी लातूरहून सकाळच्या एस.टी.नं निघालो. तिच्या आईला मीच फोन करून, विद्यापीठात दाखवून आणते, एवढं सांगितलं होतं. कुणाला दाखवते, हे सांगायला मात्र जीभ वळली नाही. अहमदपूरला चहा घेतला. लोह्याच्या अलीकडं रस्त्याकडेच्या एका गवताचं नाव तिनं विचारलं. मला ते आठवलं नाही, आणि आठवलं नाही याचं इतकं वाईट वाटलं, की मलाच नवल वाटलं.

कक्षाच्या बाहेर दोन खुर्च्या होत्या, त्यांवर आम्ही बसलो. बाबूंनी मला ओळखलं आणि फॉर्म आणले का विचारलं. मी नाही म्हटलं. आत उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांपलीकडं ती समुपदेशक मुलगी दिसत होती. तिनं दार उघडून आम्हा दोघींकडं पाहिलं, आणि कोण कुणाला घेऊन आलंय असं काही विचारलं नाही.

"आधी कोण?" एवढंच म्हणाली.

माझी विद्यार्थिनी जागची हलली नाही. ती माझ्याकडं बघत होती, पहिल्यांदा फॉर्म वाटले तेव्हा सगळा वर्ग बघत होता तशी.

मी पर्स तिच्या मांडीवर ठेवली आणि उठले.